मॅच ओहोटीला, कर बारमाही

"टॅक्स भरतोस का तू? मग टॅक्सवर बोलू नकोस."

बोईसर स्टेशनबाहेर, चहाच्या गाडीवर, गेल्या आठवड्यात हे ऐकलं. बोलणारे गृहस्थ चांगल्या पगारावर आहेत, दरवर्षी नेमाने रिटर्न भरतात. ज्याला सुनावलं तो आमच्या घिवलीचा, नात्याने माझा भाचा. तारापूर एमआयडीसीत ठेकेदाराकडे फिटर म्हणून लागून त्याला तीन वर्षं झाली. रात्रपाळी करून आला होता. डोळे लाल, अंगात आकाशी-पांढऱ्या पट्ट्यांची जर्सी, पाठीवर दहा नंबर.

विषय निघाला होता आयपीएलच्या तिकिटांचा. भाचा म्हणाला, "चाळीस टक्के लावला ते बरं केलं. पण तो पैसा मैदानांवर लागला पाहिजे. आमच्या पोरांना खेळायला जागा नाही." एवढंच बोलला. त्यावर ते वाक्य आलं आणि पोरगा गप्प झाला. मोठ्या माणसाला उलट बोलायचं नाही, हे आम्हीच त्याला शिकवलंय. म्हणून त्याच्या वतीने आज मी बोलतो.

आधी पहिला प्रश्न. तो कर भरतो का?

त्याच्या पगाराची स्लिप मी पाहिली आहे. चार बोटं रुंदीचा कागद, वरचा शिक्का अर्धा उमटलेला. भविष्य निधी कापलेला, ईएसआयसी कापलेली आणि त्याच्या खाली 'पी. टी. २००'. हा व्यवसाय कर. महिन्याला २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे अडीच हजार. पगार येण्याआधीच कापून जातो, त्यामुळे भरल्याचं कुणाला दिसत नाही. मोठ्या साहेबाचाही वर्षाला अडीच हजारच कापला जातो, कारण त्याहून जास्त घेता येत नाही असं राज्यघटनेच्या २७६ व्या कलमात लिहिलंय. म्हणजे या एका करात फिटर आणि साहेब एका ओळीत उभे आहेत.

बाकीचे कर स्लिपवर नसतात. मोबाइलचा रिचार्ज, ज्यावर तो रात्री मॅच बघतो, त्यावर १८ टक्के जीएसटी. मोटरसायकलच्या पेट्रोलवर केंद्राचं उत्पादन शुल्क आणि राज्याचा व्हॅट. घिवली ते बोईसर रोज येणं-जाणं त्या पेट्रोलवर. मागच्या दिवाळीत बोनसमधून फुटबॉलचे बूट घेतले. ज्या जोडीवर मन बसलं ती अडीच हजारांच्या वर निघाली. अडीच हजारांपर्यंतच्या पादत्राणांवर ५ टक्के आणि त्यावर १८. त्याने १८ भरले, दुकानदाराने पावती दिली, ती अजून खोक्यात आहे.

२०२५ च्या अर्थसंकल्पापासून नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला आयकर लागत नाही. आयकर भरणाऱ्यानेच करावर बोलायचं असं ठरवलं, तर बोईसरच्या कारखान्यांत घाम गाळणाऱ्या जवळजवळ सगळ्यांनी तोंडाला कुलूप लावायचं. सातपाटीपासून चिंचणीपर्यंतच्या मच्छीमारांनी आणि मासळीच्या पाट्या घेऊन लोकलने जाणाऱ्या बायकांनीही. मला हे मान्य नाही. तिखट-मसाल्यापासून सिमकार्डापर्यंत ज्याच्या खिशातून कर जातो, त्याचा करावर बोलायचा हक्क पहिला.

आता त्याचं मत. ते बरोबर आहे का?

त्याआधी काही गोष्टी नीट सांगायला हव्यात, कारण चहाच्या गाडीवर त्या उलटसुलट फिरतात. २२ सप्टेंबर २०२५ ला, घटस्थापनेच्या दिवशी, जीएसटीचे नवे दर लागू झाले. आयपीएलच्या तिकिटावर आधी २८ टक्के होते, ते ४० झाले. सगळ्याच मॅचना ४० टक्के लागतात हे खरं नाही. मान्यताप्राप्त क्रीडा स्पर्धेचं ५०० रुपयांपर्यंतचं तिकीट करमुक्त आहे आणि त्यावरच्या तिकिटाला १८ टक्के लागतात. त्याच दिवसापासून खेळाच्या साहित्यावरचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. जालंधर-मेरठहून येणारा चेंडू त्यामुळे थोडा स्वस्त झाला. चांगलं केलं ते चांगलंच म्हणायचं, आणि मी म्हणतो.

चाळीस टक्क्यांचा हिशेब साधा आहे. तिकिटाची मूळ किंमत हजार रुपये धरा. त्यावर कर ४००. त्यातले निम्मे केंद्राचे, निम्मे ज्या राज्यात मॅच झाली त्या राज्याचे. वानखेडेवर मॅच झाली तर महाराष्ट्राला २०० रुपये. अशी ३० हजार तिकिटं खपली तर एका रात्रीत राज्याच्या वाट्याला ६० लाख. मोसमात मुंबईचे सात सामने घरच्या मैदानावर धरले तर चार कोटींच्या वर. प्रत्यक्षात तिकिटांचे भाव वेगवेगळे असतात, फुकटचे पासही असतात, तेव्हा आकडा मागेपुढे होईल. पण एका क्रिकेट संघाच्या एका मोसमातून दरवर्षी गावोगावच्या काही मैदानांचा खर्च निघेल, एवढं हा अंदाज सांगतो.

"कर एकदा तिजोरीत गेला की त्याला नाव राहत नाही," असं त्या गृहस्थांनी नंतर मला सांगितलं. माणूस अभ्यासू आहे. पण महाराष्ट्राचा इतिहास त्यांच्या बाजूने नाही.

भाच्याच्या स्लिपवर जे २०० रुपये आहेत, तो कर याच महाराष्ट्राने १९७५ मध्ये लावला तो एका कामाचं नाव टाकून. १९७२ चा दुष्काळ पडला. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी रोजगार हमी योजना रेटून धरली. मागेल त्याला काम द्यायचं, तर पैसा कुठून आणायचा? शहरातल्या पगारदाराच्या पगारातून थोडा कापायचा, तेवढीच भर सरकारने घालायची आणि खेड्यातल्या खडी फोडणाऱ्या हाताला मजुरी द्यायची. मुंबईच्या कारकुनाने मराठवाड्यातल्या मजुराची चूल पेटवली ती या कराने. कुणाकडून घेतो आणि कुणाला देतो, हे सांगून घेतलेला कर लोकांनी कुरकुर न करता भरला. पुढे २००५ मध्ये देशाने याच विचाराचा कायदा केला.

मग आयपीएलच्या तिकिटावरचा राज्याचा वाटा गावच्या मैदानाला द्या, असं एक फिटर म्हणतो, तेव्हा तो पागेंचीच वाट चालतो. त्याला पागे माहीत नाहीत. त्याची स्लिप मात्र पागेंच्या काळापासून चालत आलेली आहे.

कर माफ करणं सरकारला जमत नाही असंही कुणी सांगू नये. ऑक्टोबर २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील मुलांचा फुटबॉल विश्वचषक आपल्याकडे झाला. नवी मुंबई, मडगाव, कोची, कोलकाता, दिल्ली, गुवाहाटी. १३ लाखांहून जास्त लोकांनी स्टेडियमवर जाऊन सामने पाहिले. भाचा तेव्हा शाळकरी होता. घिवलीहून आम्ही चौघं नेरूळच्या डी. वाय. पाटीलवर गेलो होतो, बोईसरहून लोकल, दादर, मग हार्बर. परत यायला पहाट झाली आणि त्या पहाटे या पोराने ठरवलं की आपण फुटबॉलच खेळायचं.

त्या स्पर्धेसाठी फिफाने दिलेल्या आणि फिफाला दिलेल्या सेवांवरचा जीएसटी सरकारने माफ केला होता. प्रेक्षकांच्या तिकिटावरचाही माफ केला. जीएसटी सुरू होऊन तीन महिनेही झाले नव्हते, १ जुलैला तर लागू झाला, आणि सप्टेंबर संपायच्या आत माफीच्या अधिसूचना निघाल्या. पुढे सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकालाही सूट मिळाली आणि २०२२ मध्ये मुंबई-पुण्यात झालेल्या महिला आशियाई चषकासाठी आशियाई महासंघालाही. फिफा कुठल्याही देशाला स्पर्धा देताना करमाफीची हमी आधी मागते आणि देश ती देतात. मी त्याला विरोध करत नाही. त्या माफीमुळेच आमचं तिकीट स्वस्त पडलं, आम्ही चौघं जाऊ शकलो. मी फक्त वेग मोजतो. झुरिकहून मागणी आली आणि आपल्याकडे कागद हलला.

आता आमच्या किनाऱ्याचा वेग बघा.

यांत्रिकी बोट समुद्रात जाते ती डिझेलवर. डिझेल जीएसटीत नाही, त्यावर राज्याचा व्हॅट आहे. मासेमारीच्या डिझेलवरचा हा कर मच्छीमाराने सोसू नये हे सरकारने फार पूर्वी मान्य केलं. पण माफी दिली नाही, परतावा दिला. म्हणजे नाखव्याने आधी पूर्ण भावाने डिझेल भरायचं, सोसायटीकडून पावत्या जमा करायच्या, कागद वर पाठवायचे आणि वाट बघायची. निधी येईल तेव्हा परतावा येणार. आमच्या घरच्या बोटीचा परतावा एका वर्षी इतका लांबला की मोसम संपला, बोट शाकारली, तरी पैसे आले नव्हते. तांडेलाची आणि खलाशांची उचल आम्ही सोनं गहाण ठेवून भागवली. माझ्या आईच्या बांगड्या होत्या.

एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. आनंद आहे. त्या दर्जाचा पहिला अर्थ असा व्हावा की फिफासारखी नाखव्यालाही माफी पंपावरच मिळावी. बलदंडाला आगाऊ सूट आणि गरिबाला मागाहून परतावा, ही करपद्धती मला मान्य नाही. फुटबॉलवाल्या पोराला हे कळतं, कारण तो दोन्हीकडचा आहे. बाप बोटीवर, पोरगा कंपनीत, आणि जीव चेंडूत.

"खेळात राजकारण आणू नका," असंही त्या दिवशी कुणीतरी म्हणालंच. आणायला ते बाहेर कुठे होतं? अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचं अध्यक्षपद १९८८ पासून २००८ पर्यंत प्रियरंजन दासमुन्शी यांच्याकडे होतं, ते केंद्रात मंत्री होते. त्यांच्यानंतर आपले प्रफुल्ल पटेल, तेही केंद्रात मंत्री राहिलेले. त्यांची मुदत संपूनही निवडणूक होईना, म्हणून मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कारभार प्रशासकांच्या समितीकडे दिला. फिफाने याला बाहेरचा हस्तक्षेप ठरवलं आणि १५ ऑगस्टला, स्वातंत्र्याच्या पंचाहत्तरीच्या दिवशी, भारताला निलंबित केलं. गोकुलम केरळचा मुलींचा संघ तेव्हा आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोचला होता. त्या मुलींना न खेळता परत यावं लागलं. खुर्चीचं भांडण दिल्लीत, शिक्षा ताश्कंदच्या हॉटेलात बसलेल्या पोरींना. २६ ऑगस्टला निलंबन उठलं. २ सप्टेंबरच्या निवडणुकीत भाजपचे कल्याण चौबे ३३ विरुद्ध १ मताने निवडून आले. चौबे स्वतः गोलरक्षक होते हे खरं. पण समोर उभा होता बायचुंग भुतिया. ज्याने अख्ख्या देशाला फुटबॉल दाखवला त्याला एक मत पडलं. मतदार खेळाडू नसले की असं होतं.

मग मैदानावर काय झालं तेही पाहा. महासंघाने २०१० मध्ये केलेला १५ वर्षांचा व्यापारी करार डिसेंबर २०२५ मध्ये संपला. पुढचा करार वेळेत झाला नाही, नव्या निविदेला नोव्हेंबरमध्ये एकही बोली आली नाही. इंडियन सुपर लीग ठरल्या वेळी सुरूच झाली नाही आणि खेळाडू घरी बसले. त्याच नोव्हेंबरच्या १८ तारखेला पुरुषांचा संघ ढाक्यात बांगलादेशकडून १-० हरला. २०२७ च्या आशियाई चषकाचं दार त्याआधीच बंद झालं होतं. आणि त्याच वर्षी, ५ जुलैला, आपल्या मुलींनी थायलंडला त्यांच्याच घरी २-१ हरवून आशियाई चषकाची पात्रता मिळवली. त्या विजयावर आमच्या चहाच्या गाडीवर एक शब्द निघाला नव्हता. त्याची मला लाज वाटते.

गल्लीतलं राजकारण वेगळं नाही. निवडणुकीच्या तोंडावर बोईसर-पालघर पट्ट्यात बॅनर लागतात. अमुक चषक, तमुक चषक. टेनिस बॉलची क्रिकेट स्पर्धा, पहिलं बक्षीस मोटरसायकल, रात्रीचे दिवे, डीजे, व्यासपीठावर दोन रांगा खुर्च्या. तीन रात्रींत जो खर्च होतो त्यात एका मैदानाला कुंपण होईल. चषक मिळतो, फोटो निघतो, जर्सीवर नेत्याचा चेहरा छापून येतो. चौथ्या दिवशी ते मैदान पुन्हा ट्रक लावायची जागा होते. कुठलाही पक्ष घ्या, मी एकालाही यातून सोडणार नाही.

२०१७ च्या विश्वचषकाआधी, १५ सप्टेंबरला, राज्य सरकारने शाळाशाळांत फुटबॉलचा दिवस केला होता. चेंडू वाटले. आमच्या भागातल्या एका शाळेत ते चेंडू आले तेव्हा मी होतो. पोरं ओरडत होती, मास्तरांच्या डोळ्यांत पाणी होतं. अंगण चाळीस पावलांचं. चेंडू पहिल्याच तासाला कौलांवर गेला, दुसरा बाभळीच्या काट्यावर फुटला. चेंडू देणारे मनापासून द्यायला आले होते. पण फुटबॉल चेंडूवर खेळला जात नाही, जमिनीवर खेळला जातो.

आमच्याकडे ती जमीन समुद्र देतो, दिवसातले काही तास.

घिवलीच्या किनाऱ्यावर खडकांच्या मधून वाळूचा एक पट्टा निघतो. अमावस्या-पौर्णिमेच्या आगेमागे उधाणाची भरती दुपारी येते आणि संध्याकाळी पाणी पार मागे हटतं. तेव्हा पाच ते साडेसहा मॅच. अष्टमीच्या सुमाराला भांग असतो, संध्याकाळी पाणी वर चढलेलं, मॅच नाही. मुंबईच्या पोरांना मॅचचं वेळापत्रक मोबाइलवर येतं, आमच्या पोरांना पंचांगात बघावं लागतं. गोलाला दोन वेळू. जाळी मात्र आमची कुठल्याही स्टेडियमपेक्षा चांगली. बोटीवरचं जीर्ण झालेलं जाळं कापून लावलेलं, गाठी हाताने मारलेल्या. गोल झाला की चेंडू जाळ्यात सरंग्यासारखा अडकतो. ओली वाळू पायाला ओढते, त्यामुळे ही पोरं गवतावर गेली की हरणासारखी पळतात, हे मी स्वतः पाहिलंय. त्यांच्यात दोन मुली आहेत. एक डाव्या पायाने मारते आणि तिचा फटका अडवायला मोठी पोरंही कचरतात. उत्तरेला नजर टाकली की अणुऊर्जा केंद्राच्या इमारती दिसतात. १९६९ पासून तिथून वीज जाते.

त्या केंद्राच्या तीन आणि चार नंबरच्या अणुभट्ट्यांसाठी आमची शेजारची अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. बोईसरला बुलेट ट्रेनचं स्टेशन होतंय. मालगाड्यांचा स्वतंत्र मार्ग याच जिल्ह्यातून जातो. वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ ला पंतप्रधानांनी पालघरला येऊन केली, प्रकल्प ७६ हजार कोटींचा. मच्छीमारांचा विरोध आजही आहे आणि माझाही आहे, तो विषय या सदरात पुन्हा येईल. आज एवढंच म्हणतो की देशाने मागितली तेव्हा या किनाऱ्याने जमीन दिली, कधी राजीने, कधी रडत. आम्ही आता जमीन मागतोय. पूर्ण मापाचं फुटबॉलचं मैदान १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद असतं. कडेची मोकळी जागा सोडली तर ते पावणेदोन एकरात बसतं. हजारो हेक्टरांच्या नकाशात पावणेदोन एकर म्हणजे पेन्सिलीचं टोक.

पैसा नाही हे उत्तर मी ऐकणार नाही. राज्याच्या तिजोरीतला वाटा वर सांगितला. दुसरी वाट कारखान्यांची. कंपनी कायदा २०१३, कलम १३५. ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे. कुठल्या कामांवर, त्याची यादी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात आहे आणि तिच्यात ग्रामीण खेळांच्या प्रशिक्षणाचा उल्लेख आहे. तारापूरला कारखाने किती आहेत ते मोजायला रात्रपाळीच्या बसगाड्या मोजा. या भागातल्या खाड्यांचं पाणी कसं झालंय, हे सांगायला अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेला हरित लवादापर्यंत जावं लागलं. किनाऱ्याकडून एवढं घेतल्यावर किनाऱ्याच्या पोरांना पावणेदोन एकरावर गवत लावून देणं हे उपकार नाहीत, देणं आहे.

येत्या ११ जूनला अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोत विश्वचषक सुरू होतोय, १९ जुलैला अंतिम सामना. मासेमारी बंदी १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत. म्हणजे अख्खा विश्वचषक बंदीत. बोटी वर ओढलेल्या, खलाशी घरी, आणि सामने आपल्याकडे रात्री-पहाटे. घिवलीत त्या सव्वा महिन्यात कुणी वेळेवर झोपणार नाही. त्या ४८ संघांत केप व्हर्दे आहे, अटलांटिकमधली बेटं, लोकसंख्या पाच लाखांच्या आसपास. कुरासाओ आहे, दीड लाखाच्या घरातलं. आपल्या पालघर जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच २९ लाख ९० हजार होती. भाच्याने हे आकडे मला रात्री साडेबाराला पाठवले. पुढे लिहिलं होतं, "मामा, तेही किनाऱ्यावरचेच आहेत."

डिसेंबरात मेस्सी वानखेडेवर येऊन गेला. त्याच कार्यक्रमात राज्य सरकारने तेरा वर्षांखालच्या मुलामुलींसाठी प्रोजेक्ट महादेवा पुढे आणला. मुलं निवडायची, पाच वर्षं शिकवायचं, शिष्यवृत्ती द्यायची. योजना चांगली आहे, आणि निवडलेली साठ मुलं नशीबवान आहेत. पण डाव्या पायाने मारणारी आमची पोरगी त्या निवडीपर्यंत पोचणार कशी? निवड गवतावर होते. तिने गवतावर चेंडू मारलाच नाही. वरून साठ मुलं उचलून नेण्याआधी खाली साठ हजार मुलांना पाय ठेवायला जागा द्या, म्हणजे निवडणाऱ्यांना निवडायला काही तरी राहील.

चहाच्या गाडीवरच्या त्या गृहस्थांना मी परवा पुन्हा भेटलो. त्यांना भाच्याची स्लिप दाखवली, पी. टी.ची ओळ बोटाने दाखवली. त्यांनी ती वाचली, बराच वेळ हातात ठेवली आणि म्हणाले, "ठरावाचा मसुदा मी लिहून देतो." त्यांनी दिलाही. दीड पान आहे, मुद्देसूद आहे. घिवली, उच्छेळी, दांडी, नवापूर, आलेवाडी या पट्ट्यातल्या मुलामुलींसाठी पूर्ण मापाचं एक मैदान, आणि वानखेडेच्या तिकिटांवरच्या राज्याच्या करातून गावांच्या मैदानांसाठी वेगळा निधी, अशा दोन मागण्या त्यात आहेत. डिझेलच्या व्हॅटची मागणी मी त्याखाली हाताने लिहिली.

१ मे, महाराष्ट्र दिन, ग्रामसभा. आपल्या पट्ट्यातल्या प्रत्येक गावाने हा ठराव आपापल्या ग्रामसभेत मांडावा. मसुद्याची प्रत हवी असेल त्याने माझ्याकडून न्यावी. खुर्च्या भरल्या पाहिजेत, आणि पोरांना पुढच्या रांगेत बसवलं पाहिजे. बोलायची वेळ आली की आपण गप्प बसायचं आणि त्यांना बोलू द्यायचं.

त्या दिवशी पौर्णिमा आहे. संध्याकाळी ओहोटी असेल. पाच वाजता मॅच आहे.